गिअरबॉक्स गेला म्हणजे नेमकं काय गेलं?



आजचा विषय ऐकून काही जणींना वाटेल, ताईंना झालं तरी काय, बचत आणि बियाणं सोडून गाडीच्या गिअरवर बोलायला लागल्या. पण आपल्या गटांकडे येणाऱ्या कर्जमागणीच्या अर्जांत हल्ली ‘गाडी दुरुस्ती’ हे कारण वरचेवर दिसतं. शेळीसाठी अर्ज आला तर आपण शेळीचं वय विचारतो, दात बघतो, बाजारभाव काढतो. गाडीचा अर्ज आला की सगळ्या गप्प. ‘मिस्त्री म्हणाला गिअरबॉक्स गेला, साठ हजार लागतील.’ ठराव लिहिला, सह्या झाल्या, पैसे गेले. गिअरबॉक्स म्हणजे काय, तो जातो म्हणजे काय होतं, खरंच गेला का, हे कुणी विचारत नाही. गाडीतलं आपल्याला काय कळतं, असं आपणच म्हणून मोकळ्या होतो. दर आठवड्याला वीस-पन्नास रुपये टाकून जमवलेला पैसा एका वाक्यावर उचलून दिला जातो, म्हणून आज हे वाक्य आपण उघडून बघू. बोलणार आहे ते ऑटोमॅटिक गाडीबद्दल, म्हणजे क्लचचं पेडल नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीबद्दल. तीही जुनी, मीटरवर लाख-दीड लाख किलोमीटर झालेली.

या गाड्या आपल्याकडे आल्या कशा, ते आधी. २०१४ च्या फेब्रुवारीत मारुतीची सेलेरिओ आली. क्लच नाही आणि किंमतही आवाक्यातली, अशी ती गाडी होती. त्याआधीही ऑटोमॅटिक गाड्या होत्या, पण त्या महाग होत्या आणि पेट्रोल जास्त पीत. सेलेरिओच्या मागून ऑल्टो, वॅगन आर, क्विड, टियागो अशा लहान गाड्यांतही ही सोय आली. शहरातल्या लोकांनी त्या वापरल्या आणि विकल्या. आता त्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे, म्हणजे आपल्या मूल, सिंदेवाही, चामोर्शी, आलापल्लीकडे पोचल्या आहेत. स्कूटी चालवणाऱ्या ताईला ही गाडी लवकर जमते, म्हणून घरात मागणीही बायकांचीच असते. त्यात काही वावगं नाही.

ऑटोमॅटिक हा शब्द एक असला तरी आतली यंत्रं वेगवेगळी असतात. तुमच्या गाडीत कोणतं आहे हे कळलं की निम्मं काम झालं, कारण दुखणं वेगळं, औषध वेगळं आणि खर्चही वेगळा.

पहिला प्रकार एएमटी. आपल्या भागातल्या लहान गाड्यांत बहुतेक हाच असतो. मारुती त्याला एजीएस म्हणते. यात गिअरबॉक्स साध्या गाडीचाच असतो, क्लचही साधाच. फरक इतकाच की क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाच्या हातापायाऐवजी एक यंत्र बसवलेलं असतं. त्याला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. काही गाड्यांत ते तेलाच्या दाबावर चालतं, काहींत विजेच्या मोटरवर. म्हणजे घरची चूल तीच, फक्त फुंकणी मारायला गडी ठेवलाय. तो गडी आजारी पडला म्हणून कुणी चूल मोडत नाही.

क्लच कसा काम करतो हे आत्ता, रेडिओ ऐकता ऐकताच करून बघा. दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबा आणि एक हात हलवा. दुसराही बरोबर हलतो. आता दाब थोडा सैल करा आणि पुन्हा हलवा. एक हात हलतो, दुसरा घसरतो, आणि दोन्ही गरम होतात. क्लच हाच. इंजिनाकडची तबकडी एक हात, चाकांकडची दुसरा. घट्ट धरल्या की गाडी पळते. अर्धवट धरून ठेवल्या तर घासतात, तापतात आणि झिजतात. एएमटी गाडीचा क्लच कुठे जळतो ते यावरून लक्षात येईल. चढावर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी थोपवून धरली की तिथे. सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागे, आष्टी-आलापल्ली रस्त्यावर, हात-हात पुढे सरकत राहिलं की तिथे. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या कडेला चिखलात चाक रुतलं आणि भाऊजी तावातावाने अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिले की तिथे तर नक्कीच.

दुसरा प्रकार जुन्या पद्धतीचा, टॉर्क कन्व्हर्टरचा. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घासणारा क्लच नसतो, तेल असतं. मोठ्या गंजात ताक घुसळताना रवीबरोबर ताक गरगर फिरतं, आणि त्यात पळी सोडली तर तीही ओढली जाते. रवी पळीला शिवत नाही, मधलं ताक तिला फिरवतं. तसं इंजिन तेल फिरवतं आणि तेल पुढची चक्रं. गिअर बदलण्याचं कामही तेलाच्या दाबावरच होतं. म्हणून या गाडीचा जीव तेलात. तेल कमी झालं, जळलं किंवा चुकीचं भरलं की सगळं आजारी पडतं.

तिसरा प्रकार सीव्हीटी. गावातली पिठाची किंवा धानाची गिरणी आठवा. एका चाकावरून दुसऱ्या चाकावर पट्टा फिरतो. चाक लहान-मोठं केलं की वेग बदलतो. सीव्हीटीत ही दोन चाकं चालता चालता स्वतःच लहान-मोठी होतात, त्यामुळे ठरावीक गिअर नसतातच आणि झटकाही लागत नाही. तुमच्या स्कूटीत हीच युक्ती आहे, रबरी पट्ट्याची. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने १९८४ मध्ये जपानच्या होंडाबरोबर भागीदारी केली आणि त्यातून आलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरने बिनगिअरची गाडी आपल्या घरात आणली. कारमध्ये पट्टा पोलादी असतो आणि खास तेलात फिरतो. गिरणीचा पट्टा घसरला की वास सुटतो आणि पीठ येत नाही. इथेही तसंच, फक्त इथला पट्टा आणि त्याची चाकं फार महाग.

आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे ओळखायची सोपी खूण गिअरच्या दांड्यावर आहे. तिथे ‘पी’ हे अक्षर असेल तर ती टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी. ‘पी’ नसेल, नुसतं ‘आर, एन, डी’ आणि ‘एम’ असेल, तर आपल्याकडच्या लहान गाड्यांत ती एएमटी समजा. गाडीच्या नावावर मात्र जाऊ नका. डिझायर एकच नाव, पण २०१२ ची पेट्रोल ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरची होती आणि २०१७ ची एएमटी. बलेनो आधी सीव्हीटीत यायची, २०२२ ची नवी आली ती एएमटीत. मिस्त्रीने नाव ऐकून तेल भरलं आणि यंत्र दुसरंच निघालं, तर चांगली चालणारी गाडी बसते. सीव्हीटीचं तेल वेगळं, टॉर्क कन्व्हर्टरचं वेगळं, आणि एएमटीच्या गिअरबॉक्सचं तेल वेगळं. तेलावर चालणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला स्वतःचं निराळं तेल लागतं. पुस्तिकेत लिहिलेलं तेच भरायचं. यात काटकसर नको.

आता लक्षणांकडे येऊ. जुनी गाडी एका दिवसात बसत नाही. ती आधी सांगते, ऐकणारं कुणी नसतं.

इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, याला मिस्त्री ‘स्लिप मारते’ म्हणतात. एएमटीत हे क्लच संपत आल्याचं लक्षण, बरोबर करपलेला वासही येतो. या अवस्थेत गाडी आणखी महिनाभर ओढली तर जे काम नुसत्या क्लचवर भागलं असतं, ते क्लच ज्याच्यावर दाबला जातो त्या जड चाकापर्यंत, फ्लायव्हीलपर्यंत जातं. ‘लग्नसराई संपू दे, मग बघू’ म्हणून थांबलेली एक गाडी आमच्या प्रभागात आहे. लग्नं झाली, गाडी अजून उभीच आहे.

‘डी’ टाकल्यावर एक-दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग धाडकन झटका बसतो. ‘पी’वाल्या गाडीत याचा अर्थ बहुधा तेल कमी आहे, जुनं आहे किंवा दाब बनत नाही. गाडी उभी राहते तिथे सकाळी जमिनीवर लालसर तेलाचा डाग दिसला तर त्याच दिवशी दाखवा. झटक्याचं कारण कधी गिअरबॉक्समध्ये नसतंच. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसवलेलं असतं, ते माउंटिंग तुटलं तरी ‘डी’ टाकताना धाड असा आवाज येतो. एखादा स्पार्क प्लग खराब झाला तरी गाडी हिसके देते आणि घरचे म्हणतात गिअरबॉक्स गेला.

यापेक्षा फसवं दुखणं एक्सलचं. इंजिन चालू, गिअर पडला, आवाज येतो, पण गाडी जागची हलत नाही. शंभरातले नव्वद लोक म्हणतील, संपला गिअरबॉक्स. पण गिअरबॉक्समधून पुढच्या चाकाकडे जाणारा दांडा असतो. त्याच्या टोकाचा सांधा तुटला किंवा तो निखळला, तरी नेमकं हेच होतं. त्या सांध्यावर रबराची टोपी असते. आपल्या रस्त्यांवर ती दगडाने फाटते, आत चिखल जातो आणि वळताना चाकाकडून टकटक आवाज येऊ लागतो. टोपी वेळेवर बदलली तर हा खर्च फार नाही, आणि दांडा बदलावा लागला तरी तो गिअरबॉक्सच्या मानाने पुष्कळ कमी.

एएमटीत समोरच्या पडद्यावर ‘एन’ लुकलुकू लागतो किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. गाडीच्या आतल्या संगणकाला काहीतरी बिनसल्याचं कळलं की तो नुकसान टाळायला असं करतो. कारण मोठं असेलच असं नाही. बॅटरी अशक्त झाली तरी अ‍ॅक्च्युएटर नीट काम करत नाही, कारण त्याचा सगळा जोर विजेवर. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली तरी तेच. ब्रेक दाबल्याची खबर देणारं एक छोटं बटण पेडलजवळ असतं. ते बिघडलं तर गाडीला वाटतं ब्रेक दाबलाच नाही, मग ती सुरू होत नाही किंवा गिअर घेत नाही. हे तपासणं पोरासोरांचं काम. एकीने ब्रेक दाबायचा, दुसरीने मागे उभं राहून लाल दिवे लागतात का बघायचं. दिवे लागले नाहीत तर आधी फ्यूज आणि ते बटण बघा.

आणि उंदीर. धानाच्या कोठीशेजारी गाडी उभी करणाऱ्यांनी हे लिहूनच ठेवा. उबदार इंजिनात उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. एका गटाकडे अशाच गाडीसाठी वाढीव कर्ज मागितलं गेलं होतं, गिअरबॉक्स बदलायचा म्हणून. अध्यक्ष ताई हुशार. त्या म्हणाल्या, आधी दुसऱ्या गॅरेजात स्कॅन करून आणा, मग ठराव लिहू. वायरी कुरतडलेल्या निघाल्या. दुरुस्तीचं बिल दोन हजारांच्या आत आलं आणि वाढीव कर्जाचा अर्ज मागे घेतला गेला.

हे सगळं सांगते म्हणजे मोठा बिघाड होतच नाही असं नव्हे. होतो. लाख-दीड लाख किलोमीटर चाललेल्या ‘पी’वाल्या गाडीत तेल कधीच बदललेलं नसेल, आत चकत्या झिजल्या असतील, तेल काळं पडून जळका वास मारत असेल, तर खर्च अनेक हजारांचा, कधी लाखाच्या घरातला असतो. मला म्हणायचंय ते एवढंच की स्वस्त कारणं आधी बाद करायची आणि महाग कारणाकडे शेवटी जायचं. गॅरेजात पुष्कळदा क्रम उलटा असतो.

तेलाबद्दल एक वाद तुम्ही ऐकाल. ‘इतके दिवस तेल बदललं नाही, तर आता बदलू नका, नवं तेल टाकलं की गिअरबॉक्स बसतो.’ हे पूर्ण खोटंही नाही आणि पूर्ण खरंही नाही. गाडी आधीच घसरत असेल तर नवं तेल झिजलेल्या चकत्या भरून काढत नाही. ती पुढच्या महिन्यात बसणारच असते आणि दोष नव्या तेलाला लागतो. पण गाडी नीट चालत असेल, झटका नसेल, तर तेल जरूर बदला. यंत्राने दाब देऊन सगळं धुऊन काढायला सांगू नका. खालचं बूच उघडून निघेल तेवढं काढायचं, तेवढंच नवं भरायचं, काही दिवस चालवून पुन्हा तसंच करायचं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना आपल्याला ठाऊक आहे. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा तेलही लवकर म्हातारं होतं. थंड मुलखातल्या हिशेबाने आपल्याकडची गाडी चालत नाही.

पावसाळ्याचं वेगळं. भामरागडच्या पर्लकोटेला पूर येतो तेव्हा पुलावर पाणी असताना कुणी गाडी घालत नाही, पण लहान नाल्यांवर मोह आवरत नाही. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला एक बारीक नळी असते. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात बुडून एकदम गार झाला की त्या वाटेने पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं असं समजा. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सुरू करून बघू नका. विम्याचंही इथेच सांगते. झिजून बिघडलेल्या गिअरबॉक्सला विमा पैसे देत नाही. पण दगड खालून लागून गिअरबॉक्सचं तेलपात्र फुटलं, तर तो अपघात. तिथेच फोटो काढा, कंपनीला कळवा आणि तेल सांडत असताना गाडी पुढे रेटू नका, कारण पुढे रेटल्याने झालेलं नुकसान भरून द्यायला कंपनी नकार देऊ शकते.

समजा रस्त्यातच बंद पडली. आलापल्लीहून सिरोंचाकडे जाताना किंवा मोहर्लीच्या जंगलात. गाडी कडेला घ्या, चारी इंडिकेटर लावा, गिअर ‘एन’ मध्ये किंवा असेल तर ‘पी’ मध्ये टाका, हँडब्रेक ओढा, चावी बंद करा. जळका वास असेल तर अर्धा तास निवू द्या. वास नसेल तर दहा मिनिटांनी ब्रेक घट्ट दाबून पुन्हा सुरू करा. कधी संगणकाचा रुसवा एवढ्यानेच जातो. गाडी एका गिअरमध्ये अडकूनही चालत असेल, घसरत नसेल, तर हळूहळू जवळच्या गावापर्यंत न्या. घसरत असेल तर उभी करा. सांजवेळ असेल आणि वाघाचा भाग असेल तर मदत शोधायला पायी निघू नका, काचा लावून आत बसा. निघण्यापूर्वीच घरी कुणाला तरी मार्ग आणि वेळ सांगून ठेवलेली असावी, कारण रेंज असेलच असं नाही. रेंज असेल तर ११२ लावा. गाडीत पेशंट किंवा बाळंतीण असेल तर गाडीच्या नादात वेळ घालवू नका, आधी १०८ ला फोन, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगून.

ढकलून सुरू करायची सवय मात्र इथे चालत नाही. साधी गाडी ढकलून, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडून सुरू होते. ऑटोमॅटिकमध्ये तो मार्ग नाही. बॅटरी उतरली असेल तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची तार जोडा.

ट्रॅक्टरला दोर बांधून ओढायचं तर त्याहून जपून. ‘पी’वाल्या गाडीत गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद आणि पुढची चाकं जमिनीवर फिरतायत, म्हणजे आतली चक्रं कोरडी फिरतायत. मेंढ्याला तेल न देता घाणा फिरवल्यासारखं. बंद पडताना जो गिअरबॉक्स धडधाकट होता, तो गावात पोचेपर्यंत खराब होतो. अशी गाडी टेम्पोवर चढवून न्यावी किंवा पुढची चाकं उचलून. दुसरा इलाजच नसेल तर ‘एन’ मध्ये, अगदी हळू, धोक्याच्या जागेतून बाहेर निघेल इतकंच. किती अंतर आणि किती वेग चालेल ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पुस्तिका कपाटात नको, गाडीत ठेवा.

आता गॅरेज. इथे आपल्या बायकांची अडचण अशी की मिस्त्री बोलतो घरातल्या पुरुषाशी आणि हप्ता फेडते ती ताई. तेव्हा ताईने तिथे उभं राहायचं. चार गोष्टी विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. ‘भाऊ, स्कॅनर लावला का? कोड काय आला? तो मला कागदावर लिहून द्या.’ स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र. आलेल्या कोडचा फोटो काढून ठेवा, दुसऱ्या गॅरेजात दाखवता येतो. ‘बॅटरीचा व्होल्टेज किती? तेल कसं निघालं, मला दाखवा. क्लच किती उरलाय?’ एएमटीत क्लचच्या झिजेचा अंदाज स्कॅनरवरूनही येतो. नवा क्लच बसवल्यावर गाडीच्या संगणकाला तो नव्याने ओळखू द्यावा लागतो. ते काम स्कॅनरवर होतं, हातोडी-पान्यावर होत नाही. ते न करता गाडी बाहेर काढली तर नवा क्लचही झटके देतो आणि मिस्त्री म्हणतो, बघा, गिअरबॉक्सच गेलाय. म्हणून ज्याच्याकडे त्या कंपनीच्या गाडीचा स्कॅनर नाही, त्याच्याकडे एएमटी उघडायला देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो. त्याच्याकडून ब्रेक, चाकं, इंजिनाचं तेल खुशाल करून घ्या.

काढलेला जुना भाग परत मागायचा. हे सांगताना संकोच वाटतो कित्येकींना. गाडी तुमची, तर भागही तुमचा.

खरोखरच गिअरबॉक्स बसला, असं ठरलं तर मग हिशेब. गाडीची आजची बाजारातली किंमत किती, दुरुस्तीचा खर्च किती, डोक्यावर आधीचं कर्ज किती, आणि गाडी महिन्याला घराचं काय वाचवते किंवा कमावते. दोन लाखांच्या गाडीवर सव्वा लाख लावायचे तर गटाने थांबून विचार करावा, असं माझं मत आहे. भंगारातल्या गाडीचा वापरलेला गिअरबॉक्स बसवायचा पर्यायही असतो, पुष्कळ स्वस्त. पण तो त्याच मॉडेलचा, त्याच प्रकारचा आहे का ते जुळवा, पक्कं बिल घ्या आणि किती महिन्यांची हमी ते बिलावर लिहून घ्या. बिल नसलेला गिअरबॉक्स चोरीच्या गाडीचाही असू शकतो.

गाडीसाठी ज्या गटाने कर्ज दिलंय, त्या गटाने अंतर्गत कर्जाच्या हप्त्याबरोबर दुरुस्तीची वेगळी बचत लावावी. चालवलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे एक रुपया धरा. महिन्याला १,५०० किलोमीटर चालली तर १,५०० रुपये, वर्षाला १८,०००. जुन्या एएमटीचा क्लच कधीतरी संपणारच आहे. तो संपेल त्या दिवशी पुन्हा अर्ज लिहायला लागू नये. आणि पांढऱ्या पाटीची, म्हणजे खाजगी गाडी भाड्याने फिरवून हप्ता फेडायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा. ते कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. भाड्याने चालवायची तर पिवळी पाटी आणि परवाना हवा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजनेत गटातल्या महिलांच्या प्रवासी गाड्या परवाना घेऊनच चालतात.

जुनी ऑटोमॅटिक घ्यायला जाणार असाल तर सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विचारा, कशाला तापवली? थंड गाडीतच आजार दिसतात. ‘डी’ आणि ‘आर’ टाकून किती वेळात गाडी ओढते ते बघा. मग वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, चढावर थांबवून पुन्हा काढा, बंद करून गरम असतानाच सुरू करा. काही दुखणी गरम झाल्यावरच वर येतात. मीटरवर साठ हजार आणि पेडलचं रबर गुळगुळीत झिजलेलं, स्टिअरिंगचं कातडं चकाकणारं, तर मीटर फिरवलं असण्याची शक्यता आहे. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर सांगून सर्व्हिसची नोंद मालकाला काढायला लावा. त्यात प्रत्येक भेटीचं किलोमीटर लिहिलेलं असतं, आणि गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं तेही दिसतं. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी आपल्या नावावर होईपर्यंत व्यवहार पूर्ण धरू नका.

डीलरकडून घेतलेल्या गाडीत लपवलेला दोष निघाला, किंवा गॅरेजने पैसे घेऊन काम नीट केलं नाही, तर ग्राहक कायदा तुमच्या बाजूने आहे. शेजाऱ्या-पाजाऱ्याकडून, म्हणजे धंदा नसलेल्या माणसाकडून घेतलेल्या गाडीला मात्र तो लागत नाही, तिथे कागदावर जे लिहून घेतलं तेवढंच कामी येतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, चंद्रपूरलाही आहे आणि गडचिरोलीलाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. बरोबर न्यायचं ते पक्कं बिल, कोडचा फोटो, बदललेला जुना भाग आणि गाडी कोणत्या दिवशी आत दिली, कोणत्या दिवशी बाहेर आली याची नोंद. ही नोंद गटाच्या वहीत, कर्जाच्या पानावरच करून ठेवली तरी चालेल.